'माध्यमे आणि समाज' या पेपरची तयारी : आपल्या तापीकाठच्या उदाहरणांसह

आपल्या मंडळाच्या परिवारातील बरीच मुले-मुली यंदा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात आहेत. गुजरातेतील विद्यापीठांत २०२३-२४ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. तेव्हापासून कॉमर्स आणि सायन्सच्या मुलांनाही आपल्या मुख्य विषयाबाहेरचा एखादा विषय घ्यावा लागतो. त्यात 'माध्यमे आणि समाज' किंवा तशाच नावाचा पेपर काहींच्या वाट्याला येतो. कला शाखेच्या आणि पत्रकारितेच्या मुलांना तर तो पायाचाच विषय आहे.

या पेपरबद्दल दोन समज आढळतात. एक म्हणजे, 'टीव्ही, मोबाइल, पेपर हे तर रोजचेच, त्यात अभ्यास तो काय करायचा?' दुसरा म्हणजे, गाइडमधल्या व्याख्या पाठ केल्या की झाले. पहिल्या समजापायी उत्तर गप्पांसारखे होते, दुसऱ्यापायी पोपटपंचीसारखे. दोन्हीकडे गुण जातात.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. घरात अहिराणी किंवा मराठी, बऱ्याच जणांची शाळा महानगरपालिकेची मराठी माध्यमाची, गल्लीत गुजराती-हिंदी आणि कॉलेजात गुजराती नाहीतर इंग्रजी. त्यातून गाइडमधली उदाहरणे अमेरिकेतल्या गावांची. मग सिद्धांत डोक्यात राहत नाही, त्याचे नाव तेवढे राहते.

आमचे सांगणे एवढेच आहे की या पेपरातली जवळजवळ प्रत्येक संकल्पना सुरतेत आणि खानदेशात प्रत्यक्ष घडून गेली आहे. आधी ती घटना समजून घ्या आणि तिला सिद्धांत जोडा. परीक्षेत आठवायला सोपे जाते आणि उत्तरही तुमचे स्वतःचे होते.

सुरुवात कुठून करावी

आपल्या कॉलेजचा अधिकृत अभ्यासक्रम युनिटवार उतरवून घ्या. ग्रंथालयात मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर त्या पाहा आणि कोणत्या युनिटवर किती गुणांचे प्रश्न येतात ते पेन्सिलीने लिहून ठेवा. प्राथमिक पातळीवरच्या अशा पेपरात साधारणपणे पाच भाग असतात : संज्ञापनाची मूलतत्त्वे, माध्यमांचा इतिहास, माध्यमांचा समाजावरील परिणाम, कायदा व नीती, आणि नवी माध्यमे.

मग एक वही करा. पानाच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे संकल्पना, ती मांडणारी व्यक्ती आणि वर्ष लिहा. उजवीकडे आपल्या भागातले उदाहरण लिहा. कॉमर्सच्या मुलांना खतावणीची सवय असतेच. ज्या संकल्पनेसमोर उजवी बाजू रिकामी राहील, ती आपल्याला अजून समजलेली नाही असे धरून चालावे.

पारिभाषिक शब्द तिन्ही भाषांत लिहून ठेवा. 'वर्तमानपत्र' आणि 'अफवा' हे शब्द मराठीत आणि गुजरातीत तेच आहेत. मराठीत ज्याला 'संज्ञापन' म्हणतात त्याला गुजराती पुस्तकांत 'प्रत्यायन' म्हणतात, आणि इंग्रजीतला शब्द 'कम्युनिकेशन'. असे तीसेक शब्द जमले की शिक्षक कोणत्याही भाषेत बोलले तरी गोंधळ होत नाही.

एक घटना, अनेक सिद्धांत : सुरत १९९४

घरातील मोठ्यांना सप्टेंबर १९९४ आठवत असेल. त्या वर्षी पावसाळ्यात तापीला पूर आला होता. ऑगस्टअखेर बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळल्याच्या बातम्या आल्या. सुरतेत गणेशविसर्जन आटोपले आणि लगेचच फुप्फुसाच्या प्लेगचे संशयित रुग्ण रुग्णालयात येऊ लागले. काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले, अनेक खासगी दवाखाने बंद झाले, काही देशांनी भारताची विमाने थांबवली. प्रत्यक्षात मृतांची अधिकृत संख्या पन्नासच्या आसपास राहिली. लोकांच्या तोंडी असलेले आकडे त्याच्या कितीतरी पट होते.

आता या एका घटनेला सिद्धांत लावून पाहू.

लासवेलचे सूत्र (१९४८) : कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या माध्यमातून, कोणाशी आणि त्याचा परिणाम काय होतो, असे हे पाच प्रश्न आहेत. १९९४ मध्ये बोलणारे बरेच होते : रुग्णालयातून परतलेला नातेवाईक, वार्ताहर, सरकारी अधिकारी. माध्यमे होती दूरदर्शन, आकाशवाणी, वर्तमानपत्र, एसटीडी बूथ आणि रेल्वेचा डबा. भारतात मोबाइल सेवा आणि सर्वांसाठीचे इंटरनेट दोन्ही १९९५ मध्ये सुरू झाले. म्हणजे अफवेला पसरायला मोबाइल लागतोच असे नाही. हा मुद्दा उत्तरात जरूर घ्या.

बुलेट सिद्धांत : माध्यमातला संदेश बंदुकीच्या गोळीसारखा थेट लागतो आणि सर्वांवर सारखा परिणाम करतो, असे हा जुना विचार सांगतो. सुरतेत बातमी सर्वांनी ऐकली, पण सगळे गेले नाहीत. कोणी मुलाबाळांना ताप्ती लाइनने नंदुरबार-जळगावकडे पाठवून स्वतः राहिले, कोणी सगळ्यांसह गेले, कोणी हललेच नाही. गावी जायला घर आहे का, पगार अडकला आहे का, शेजारी काय करतात, यावर निर्णय ठरला. या सिद्धांताची मर्यादा दाखवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

द्विस्तरीय प्रवाह : लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकन निवडणुकीत मतदारांचा अभ्यास केला. तो १९४४ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि पुढे १९५५ मध्ये कॅट्झ व लाझर्सफेल्ड यांनी ही कल्पना विस्ताराने मांडली. माध्यमातली माहिती आधी काही जाणत्या व्यक्तींकडे पोचते आणि त्यांच्याकडून इतरांकडे जाते, असा तिचा आशय आहे. आपल्या वस्तीत अशा व्यक्ती म्हणजे डॉक्टर, मुकादम, शाळेचे गुरुजी, मंडळाचे पदाधिकारी. रेडिओवर 'घाबरू नका' सांगत असताना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद दिसला, तर लोक कशावर विश्वास ठेवतील?

अजेंडा सेटिंग : मॅककॉम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या निवडणुकीच्या वेळी चॅपेल हिल या गावी अभ्यास केला आणि १९७२ मध्ये तो प्रसिद्ध केला. माध्यमे ज्या विषयाला सतत जागा देतात तो विषय लोकांनाही महत्त्वाचा वाटू लागतो, असे त्यांना दिसले. कचरा आणि गटारे हे सुरतेचे जुनेच दुखणे होते. प्लेगनंतर मात्र जगभरच्या बातम्यांत शहराची घाण दिसली आणि स्वच्छता हा शहराचा पहिला विषय झाला. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महानगरपालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि सफाईची घडी नव्याने बसवली गेली. १९९६ मध्ये इंटॅकच्या पाहणीत सुरत देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले, पहिले चंदीगड. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये तर इंदूरबरोबर पहिला क्रमांक मिळाला. पण हे सगळे माध्यमांनी केले असे लिहू नका. प्रशासन, पैसा, सफाई कामगार आणि नागरिक यांचा वाटा वेगळा नोंदवा. माध्यमांनी विषय पुढे आणला, काम इतरांनी केले.

प्रतिमा आणि प्रतिनिधित्व : त्या दिवसांत स्थलांतरित कामगारांच्या वस्त्यांकडे बोट दाखवले गेले. त्यांत खानदेशातून आलेली, ओडिशातून आलेली, उत्तर भारतातून आलेली माणसे होती. बातमीत या माणसांचे स्थान काय होते? स्टेशनवरची गर्दी म्हणून ती छायाचित्रात आली की आपली बाजू सांगणारी माणसे म्हणून आली? परीक्षेत 'माध्यमे आणि वंचित घटक' असा प्रश्न आला तर इथून सुरुवात करता येते. हा प्रश्न आपल्या स्वतःच्या घरांशी जोडलेला आहे, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांना खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी : समाजशास्त्रीय अंगाने या प्लेगचा अभ्यास प्रा. घनश्याम शाह यांनी केला. ते आपल्या विद्यापीठाच्या परिसरातील सेंटर फॉर सोशल स्टडीजमध्ये होते. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९९७ मध्ये आले.

बातमी कोण निवडतो

गेटकीपिंग म्हणजे कोणती बातमी आत घ्यायची आणि कोणती बाहेर ठेवायची याचा निर्णय. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी १९५० मध्ये एका उपसंपादकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तारेने आलेल्या मजकुरापैकी सुमारे नऊ-दशांश मजकूर त्याने बाजूला ठेवला होता.

आपले उदाहरण तापीचे घ्या. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की जळगावच्या वर्तमानपत्रांत ती पावसाळ्यातली नेहमीची बातमी असते. तेच पाणी पुढे उकाई धरणात येते आणि त्याखाली सुरत आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला, हे सर्वांना माहीत आहे. वरच्या गावाला जी किरकोळ बातमी, ती खालच्या शहराला इशारा असू शकते. बातमीचे मूल्य वाचक कुठे राहतो यावर कसे ठरते, हे यातून स्पष्ट होते.

एक छोटा अभ्यास करून पाहा. एखाद्या दिवशी एकच बातमी गुजराती, मराठी आणि हिंदी वर्तमानपत्रात वाचा. मथळा, पान, छायाचित्र, कोणाचे म्हणणे छापले आणि कोणाचे नाही, एवढ्या चार गोष्टी टिपा. तीन-चार भाषा वाचता येणे ही आपल्या मुलांची जमेची बाजू आहे. एकाच भाषेत वाढलेल्या विद्यार्थ्याला ही तुलना इतक्या सहज जमणार नाही.

इतिहासाचे युनिट

सनावळी पाठ करताना माणसे आणि गावे जोडा. मुंबई समाचार १८२२ मध्ये फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केले. ते मूळ सुरतेचे. ते वर्तमानपत्र आजही निघते. मराठीतील पहिले वृत्तपत्र 'दर्पण' बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी काढले. म्हणून महाराष्ट्रात तो पत्रकार दिन आहे. सुरतेचे 'गुजरातमित्र' १८६३ पासूनचे. ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ आहे त्या कवी नर्मदांनी १८६४ मध्ये 'दांडियो' काढून समाजातल्या दोषांवर टीका केली. टिळकांचे 'केसरी' आणि 'मराठा' १८८१ चे. ब्रिटिश सरकारने देशी भाषांतील पत्रांवर १८७८ मध्ये व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट लादला, आणि 'केसरी'तील लेखनावरून टिळकांवर १८९७ व १९०८ मध्ये राजद्रोहाचे खटले झाले.

समाजसुधारणा आणि वृत्तपत्र यावर प्रश्न आला तर १८६२ चा महाराज बदनामी खटला लिहा. करसनदास मुळजी यांनी 'सत्यप्रकाश' पत्रात एका धर्मगुरूच्या वर्तनावर लेख लिहिला, त्यावरून मुंबईत खटला चालला आणि निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. त्यांच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी होते. गुजराती पत्रकाराच्या खटल्यात मराठी डॉक्टरांची साक्ष, हे आपल्या मुलांच्या लक्षात नक्की राहील.

दूरचित्रवाणी आणि विकास या भागात 'साइट' प्रयोग येतो. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. गुजरातचे उदाहरण म्हणजे खेडा प्रकल्प. पीज येथील छोट्या केंद्रावरून गावकऱ्यांच्या प्रश्नांवर, त्यांच्याच सहभागाने कार्यक्रम होत. १९८४ मध्ये त्याला ग्रामीण संज्ञापनासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. सर्वांसाठी दिल्लीहून एकच कार्यक्रम आणि गावासाठी गावातला कार्यक्रम, यांतला फरक या उत्तरात दाखवावा.

कायदा : थोडक्यात पण नेमके

राज्यघटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्य असे वेगळे कलम नाही. कलम १९(१)(अ) मधील भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्यात ते धरले जाते आणि कलम १९(२) मध्ये त्यावरील वाजवी निर्बंध आहेत. रमेश थापर खटला (१९५०) या संदर्भात महत्त्वाचा. माहिती अधिकार कायदा २००५ चा. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. जुन्या गाइडमध्ये हा बदल नसेल, तो स्वतः लिहून घ्या.

सोशल मीडियासाठी श्रेया सिंघल खटला (२०१५) लक्षात ठेवा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. त्यामागची एक घटना आपल्या सुरत-मुंबई लाइनवरच्या पालघरची : नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरामुळे दोन तरुणींना अटक झाली होती.

नवी माध्यमे आणि अफवा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षेसाठी फिरणारी ती माणसे मुले पळवणारी टोळी आहे, अशा संशयावरून हे घडले. त्या काळात अशा अफवा मोबाइलवर सर्वत्र फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. आपल्यातील अनेकांची गावे साक्री-धुळ्याच्या भागात आहेत. १९९४ ची अफवा आणि २०१८ ची अफवा यांची तुलना करा : वेग, पल्ला, संदेश कुठून निघाला याचा माग, आणि थांबवण्याचे उपाय. दहा गुणांच्या प्रश्नाला हे चार मुद्दे पुरतात.

सौम्य उदाहरण हवे असेल तर दहा रुपयांच्या नाण्याचे घ्या. 'अमुक चिन्हाचे नाणे खोटे' अशा अफवेने दुकानदार नाणी नाकारू लागले. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावे लागले की तोवर आलेली चौदाही प्रकारची नाणी चालतात. बँकेत काम केलेल्यांना हा अनुभव चांगलाच परिचयाचा आहे : अधिकृत परिपत्रक काउंटरवर लावलेले असायचे, तरी ग्राहक मात्र 'सगळे म्हणतात' यावर अडून असायचा. अफवेला खुलाशाने उत्तर देता येते, पण खुलासा अफवेइतका भराभर पसरत नाही.

उत्तर कसे लिहावे

समजा प्रश्न आहे : 'अजेंडा सेटिंग सिद्धांत स्पष्ट करा.' उत्तराचे पाच टप्पे करा.

१. दोन वाक्यांत अर्थ, आपल्या शब्दांत.
२. कोणी, केव्हा, कसा अभ्यास केला.
३. उदाहरण : १९९४ नंतर सुरतेत स्वच्छता हा विषय कसा पुढे आला.
४. मर्यादा : माध्यमांशिवाय इतर कारणे, आज मोबाइलमुळे विषय ठरवणारे अनेक झाले आहेत.
५. एक-दोन वाक्यांत निष्कर्ष.

'माध्यमांचा समाजावर परिणाम वाईट की चांगला?' असा प्रश्न आला तर एकच बाजू लिहू नका. एकाच घटनेत भीतीही पसरली आणि शहर सुधारायलाही हातभार लागला, हे तुमच्याकडे तयार आहे. ज्याची खात्री नाही असा आकडा कधीही लिहू नये. 'सुमारे' लिहिण्यासाठीही काही आधार लागतो. गुणांच्या प्रमाणात वेळ वाटून घ्या आणि शेवटची दहा मिनिटे तपासणीला ठेवा.

शेवटच्या आठवड्यात नवे काही वाचू नये. वहीची उजवी बाजू झाकून डावीकडचे सांगून पाहा, मग उलट करा. रोज एक उत्तर घड्याळ लावून, परीक्षेच्या भाषेत लिहा. विचार मराठीत केला तरी हरकत नाही, पण लिहिण्याचा सराव ज्या भाषेत पेपर आहे त्याच भाषेत हवा.

घरच्यांसाठी

पालकांना हा विषय शिकवता येणार नाही असे वाटत असेल, तर तसे नाही. मुलांनी आजी-आजोबांना, काका-मावशींना पाच प्रश्न विचारावेत : प्लेगची बातमी पहिल्यांदा कोणाकडून कळली? पेपरात वाचली की कानावर आली? कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला? गेलात की राहिलात, आणि का? नंतर कळले की त्यातले काय खरे नव्हते? मोठ्यांनी निवांत उत्तरे द्यावीत आणि मुलांनी लिहून घ्यावीत. प्रकल्पासाठी किंवा तोंडी परीक्षेसाठी ही माहिती उपयोगी पडेल. शिवाय, ज्या माणसांचे म्हणणे त्या वेळी फारसे कोणी विचारले नाही त्यांचे शब्द निदान घरच्या वहीत तरी उतरतील.

आणखी एक विनंती. या पेपराचा अभ्यास करणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर फॅमिली ग्रुपवर आलेला खळबळजनक संदेश पुढे पाठवण्याआधी त्यांना दाखवा. 'हे कोणी लिहिले, कधी लिहिले, इतर कुठे छापून आले का?' हे तीन प्रश्न त्यांना विचारू द्या. त्यांचा सराव होईल आणि आपला ग्रुपही थोडा स्वच्छ राहील.

ज्यांनी असा अभ्यास आधी केला आहे त्यांनी आपल्या वह्या आणि जुन्या प्रश्नपत्रिका मंडळाकडे दिल्यास पुढच्या मुलांना उपयोग होईल. सर्व परीक्षार्थींना मनःपूर्वक शुभेच्छा.